मैदानावरून नोकरीकडे: कॉलेजच्या खेळाडूने कधी, काय आणि कुणाशी बोलावं

मागच्या महिन्यात एक मुलगी मला भेटायला आली. टी.वाय.ला आहे, विद्यापीठाच्या खो-खो संघात दोन वर्षं खेळलीय. तिच्या हातात मिठाईच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एकतीस सर्टिफिकेटं. टेबलावर सगळी पसरून आम्ही बघितली. तालुका, जिल्हा, निमंत्रित, आमदार चषक, एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाच्या स्पर्धा. एकतीसपैकी नोकरीच्या कामाची निघाली चार. त्या चारपैकी एकावर आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटपेक्षा वेगळं होतं आणि एकावर क्रमांकाची जागा कोरीच होती. मुलगी खेळाडू म्हणून उत्तम आहे. तिचा पोल डाइव्ह मी बघितलाय. पण या पिशवीच्या जोरावर तिला कुणी ट्रायललाही, म्हणजे नोकरीच्या निवड चाचणीलाही, बोलावलं नसतं.

मी स्वतः तीन वर्षं कलर होल्डर होते, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळले. आता पुण्यात एका कंपनीच्या एचआर विभागात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून उभी राहते. म्हणजे अर्ज करणारा आणि अर्ज वाचणारा, दोघांच्या जागा मला माहीत आहेत. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकणाऱ्या, आंतरविद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींसाठी. ऑलिम्पिकला जाणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. गरज आहे ती वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत, चौथ्या आलेल्या संघातल्या सातव्या खेळाडूला.

पहिलं काम: फोल्डर

एक चांगला, झिपचा, वॉटरप्रूफ फोल्डर घ्या. दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो. त्यात फक्त मान्यताप्राप्त स्पर्धांची सर्टिफिकेटं ठेवा: राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, शालेय राज्य आणि राष्ट्रीय, विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, खेलो इंडिया. आमदार चषक घरी भिंतीवर लावा. त्याचा मान तिथे आहे.

मग प्रत्येक सर्टिफिकेटवर पाच गोष्टी तपासा. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आहे का. स्पर्धेच्या तारखा आहेत का. वयोगट लिहिलाय का. क्रमांक स्पष्ट आहे का, की नुसतं ‘सहभाग’ लिहिलंय. सही आणि शिक्का कुणाचा आहे. चूक सापडली तर त्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या. संघटनेचा सचिव बदलतो, कार्यालय दुसऱ्या गावी जातं, आणि तीन वर्षांनी तुम्ही कुणाच्या दारात उभे राहणार? स्पर्धेचा अधिकृत निकाल, संघाची यादी आणि ड्रॉ (कुणाचा सामना कुणाशी, ते पत्रक) यांचे फोटो स्पर्धा संपायच्या आतच काढून ठेवा. पडताळणीच्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात.

केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीसाठी सर्टिफिकेटचे ठरलेले नमुने आहेत. देशाकडून खेळलात तर फॉर्म १, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलात तर फॉर्म २, विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ खेळलात तर फॉर्म ३, शालेय राष्ट्रीय असेल तर फॉर्म ४. फॉर्म ३ वर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची किंवा खेळाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याची स्वतःची सही लागते. जिमखान्याच्या सरांची सही चालत नाही. हा फॉर्म पदवी संपायच्या आत भरून घ्या. आपण विद्यापीठात असतो तोवर क्रीडा विभागातले शिपाई मामासुद्धा आपल्याला नावाने ओळखतात. दोन वर्षांनी गेलो की आपण ‘कोण पाहिजे?’ होतो.

दुसरं: कामगिरीला मुदत असते

हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला ठासून सांगते. माझी सगळ्यात चांगली कामगिरी एस.वाय.ची. पदवी झाल्यावर मी एक वर्ष ‘आता जरा आराम’ म्हणून घालवलं, मग एका खेळाडू भरतीची जाहिरात पाहिली, अर्ज भरला आणि बाद झाले. कारण साधं होतं. जाहिरातीत कामगिरीची जी मुदत दिली होती, तिच्या दोन महिने आधीचं माझं पदक होतं. अपील नाही, विनंती नाही. चूक माझीच होती, कारण ती ओळ जाहिरातीत स्पष्ट छापलेली होती आणि मी ती वाचलीच नव्हती.

रेल्वेच्या खेळाडू भरतीत साधारणपणे चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली कामगिरी धरतात, आणि तुम्ही अजून खेळत असणं अपेक्षित असतं. वय १८ ते २५, आणि त्यात कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही. आता हिशेब करा. एकविसाव्या वर्षी पदक आलं तर ते पदक घेऊन अर्ज करायला तुमच्याकडे जेमतेम दोन-तीन भरत्या असतात. म्हणून पदक आलं त्याच आठवड्यात वहीत लिहा: स्पर्धा, तारीख, क्रमांक, आणि पुढे ‘हे कधीपर्यंत चालेल’. इतकी साधी वही मी ठेवली असती तर आज हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

कोटा म्हणजे नेमकं काय, आणि कुठे

कोटा म्हणजे खेळाडूंसाठी ठेवलेल्या सरकारी नोकऱ्या. त्याच्या तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. मुलं या वाटांची सरमिसळ करतात आणि एका वाटेचे कागद दुसऱ्या वाटेवर घेऊन जातात.

रेल्वेची वाट खेळाडूसाठी सगळ्यात थेट आहे. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि बाकीची क्षेत्रीय रेल्वे आपापल्या भरती कक्षामार्फत जाहिरात काढतात. जाहिरातीत खेळच नव्हे, तर जागाही लिहिलेली असते. कबड्डीत रेडर हवा की कव्हर, ॲथलेटिक्समध्ये कुठला इव्हेंट, सगळं. लेव्हल २ आणि ३ या वेतनश्रेणीच्या पदांसाठी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तीनांत येणं हा पात्रतेचा एक मार्ग आहे, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूच्या आवाक्यातला. लेखी परीक्षा नसते. शंभर गुणांतले ५० कामगिरीला, ४० ट्रायलमधलं कौशल्य, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकांच्या निरीक्षणाला, १० शिक्षणाला. ट्रायलच्या ४० पैकी किमान २५ मिळाले नाहीत तर पदकं कितीही असोत, तिथेच थांबायचं. म्हणून अर्ज भरून घरी बसू नका, ट्रायलच्या दिवसापर्यंत मैदान सोडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी करत होता आणि ती सांभाळूनच त्याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. ‘नोकरी लागली की खेळ संपला’ म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

केंद्राच्या इतर खात्यांमध्ये, म्हणजे आयकर, टपाल, लेखापरीक्षण वगैरे, खेळाडूंची थेट भरती होते. कुठल्या खेळांना ती लागू आहे याची यादी ठरलेली असते. कबड्डी आणि खो-खो त्यात आहेतच, आणि २०२० मध्ये वीस खेळांची भर पडली तेव्हा मल्लखांब, रस्सीखेच आणि पुण्यात जन्मलेला रोल बॉलही आला. तरीही प्रत्येक खातं प्रत्येक खेळाचा संघ बाळगत नाही. तुमच्या खेळाचा संघ कुठल्या खात्याकडे आहे, हे जाहिरातीची वाट न बघता राष्ट्रीय आणि निमंत्रित स्पर्धांच्या ड्रॉमध्ये बघा. मुंबईत कबड्डीच्या स्पर्धांना व्यावसायिक गट, म्हणजे कंपन्या आणि खात्यांच्या संघांचा गट, असतो, त्याचा ड्रॉ म्हणजे नोकरी देणाऱ्यांची यादीच आहे.

राज्य सरकारचं ५ टक्के आरक्षण ही तिसरी वाट आणि तिचा नियम वेगळा. इथे ट्रायल नाही. इतरांसारखीच स्पर्धा परीक्षा द्यायची, फक्त जागा समांतर आरक्षणातली (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच खेळाडूंसाठी ठेवलेली) आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत. याचा मूळ शासन निर्णय १ जुलै २०१६ चा, त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीची कामगिरी लागते, हे त्यात दिलंय. तो डाउनलोड करून दुरुस्त्यांसकट वाचा, कुणाच्या स्टेटसवरून समजून घेऊ नका. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयाकडून मिळणारा पडताळणी अहवाल. खोट्या सर्टिफिकेटांची प्रकरणं निघाल्यापासून ही पडताळणी कडक झालीय आणि ती व्हायलाच हवी होती, कारण प्रत्येक खोट्या सर्टिफिकेटने एका खऱ्या खेळाडूची जागा खाल्ली. पण त्याला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज टाका.

पोलीस भरतीत याच आरक्षणाचा लाभ मिळतो, शिवाय ५० गुणांची शारीरिक चाचणी तुमच्या घरचीच आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मात्र लेखी परीक्षा १०० गुणांची आहे आणि खेळाडू मुलं मार खातात ती तिथे. रोज एक तास गणित आणि बुद्धिमत्तेला द्या, स्पर्धेच्या कॅम्पमध्येसुद्धा.

ओळखी: वशिला नव्हे

‘नेटवर्किंग’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर वशिला, नाहीतर सुटाबुटातल्या लोकांशी इंग्रजीत बोलणं. दोन्हींशी आपला संबंध नाही. खेळाडूकडे ओळखी आधीच असतात, फक्त त्यांची यादी केलेली नसते. एका रविवारी वही घेऊन बसा आणि आठवेल ते प्रत्येक नाव लिहा: शाळेचे क्रीडाशिक्षक, तालमीतले किंवा क्लबचे सर, जिल्हा संघटनेचे सचिव, जिमखान्याचे सर, तुमच्याआधी तीन-चार वर्षं विद्यापीठ संघात असलेले सीनियर, कॅम्पमध्ये एका खोलीत राहिलेले दुसऱ्या कॉलेजचे खेळाडू, फिजिओ, पंच, गुणलेखक, ज्यांच्याविरुद्ध फायनल हरलात तो संघ. त्या मुलीने यादी केली तेव्हा चाळीसच्या वर नावं झाली. त्यांतले सात जण नोकरीत होते. तिघे रेल्वेत, एक पोलिसात, एक बँकेत, दोघी शाळेत. आणि ही मुलगी मला म्हणत होती, ‘ताई, माझी कुठे ओळखच नाही.’

आता या लोकांशी बोलायचं कसं? नोकरी मागायची नाही, माहिती विचारायची. ‘ताई जॉब असेल तर सांगा’ असा मेसेज मला आठवड्याला दोन-तीन येतात आणि खरं सांगते, त्याला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. कुठला जॉब, कुठलं शहर, शिक्षण काय? त्याऐवजी असं लिहा:

‘नमस्कार ताई. मी आपल्याच विद्यापीठाच्या खो-खो संघात आहे, सध्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. जिमखान्याच्या सरांकडून तुमचा नंबर घेतला. तुमच्या ट्रायलला नेमकं काय काय घेतलं होतं आणि कागद कुठे अडले होते, एवढंच विचारायचं होतं. रविवारी सकाळी दहानंतर दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?’

यात चार गोष्टी आहेत. नातं काय ते सांगितलं, नंबर कुठून आला ते सांगितलं, प्रश्न नेमका आहे आणि वेळ थोडा मागितलाय. अशा मेसेजला खेळाडू माणूस नाही म्हणत नाही. आपण सगळे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पहिल्या सिलेक्शनला गेलेले असतो, ते कुणी विसरलेलं नसतं. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या. फोन झाला की त्याच दिवशी आभाराचा मेसेज टाका, आणि त्यांनी सांगितलेलं काम केलंत की तेही कळवा. ‘फॉर्म ३ वर सही मिळाली, धन्यवाद’ एवढं पुरतं. पुढच्या वेळी जाहिरात निघाली की तो माणूस स्वतःहून लिंक पाठवतो.

एक वाट मुलं बघतच नाहीत: पंच परीक्षा. जिल्हा आणि राज्य संघटना ती घेतात. तुम्ही पंच झालात की तेच आयोजक, तेच सचिव, वेगवेगळ्या खात्यांचे तेच संघ व्यवस्थापक तुम्हाला खेळाडू म्हणून नाही तर जबाबदार माणूस म्हणून ओळखू लागतात. मला सध्याच्या नोकरीची पहिली खबर एका स्पर्धेत गुणलेखकांच्या टेबलावर मिळाली. दुसऱ्या कंपनीचा संघ घेऊन आलेल्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. मी लिहिलेलं गुणपत्रक बघून म्हणाल्या, ‘अक्षर नीट आहे तुझं, आणि भांडण न करता निर्णय सांगतेस. काय शिकलीयेस?’ तिथून पुढे तीन मुलाखती झाल्या, त्या मला स्वतःलाच द्याव्या लागल्या. पण दार कुठे आहे ते त्या टेबलावर कळलं.

खासगी नोकरीसाठी बायोडाटा

कोटा ही एक वाट, सगळं आयुष्य नव्हे. जागा कमी, खेळाडू जास्त. म्हणून खासगी नोकरीचा अर्ज समांतर चालूच ठेवा.

बायोडाटात खेळ सगळ्यात खाली, ‘छंद’ म्हणून वाचनाशेजारी लिहू नका. आठवड्याला पंधरा-वीस तास तुम्ही मैदानावर देता, तो छंद नाही. ‘अनुभव’ या मथळ्याखाली लिहा. पण ‘कष्टाळू, नेतृत्वगुण, टीमवर्क’ हे शब्द गाळा, कारण ते प्रत्येकाच्या बायोडाटात असतात. काय केलंत ते लिहा. त्या मुलीने आधी लिहिलं होतं, ‘कॅप्टन ऑफ युनिव्हर्सिटी टीम, गुड लीडरशिप’. मी तिला विचारलं, कॅप्टन म्हणून काय काय केलंस? बोलता बोलता निघालं की पंधरा जणींची रेल्वेची तिकिटं तिने काढली, तीन मुलींचं वेटिंग होतं तेव्हा स्टेशन मास्तरांशी ती बोलली, परत आल्यावर सगळ्यांच्या टीए-डीएचा (प्रवास आणि दैनिक भत्त्याचा) हिशेब पावत्यांसकट तिने विद्यापीठात जमा केला, आणि तो एकदाही परत आला नाही. आता तिच्या बायोडाटात आहे: ‘१५ खेळाडूंच्या संघाचा आंतरराज्य प्रवास, निवास आणि खर्चाचा हिशेब सांभाळला, सर्व देयके पहिल्याच फेरीत मंजूर.’ लॉजिस्टिक्स कंपनीतला कुणीही ही ओळ वाचून थांबेल. मी थांबले असते.

मुलाखतीत हरलेली मॅच सांगायला घाबरू नका. ‘आम्ही का हरलो, मी काय चुकले, पुढच्या स्पर्धेआधी काय बदललं’ हे सरळ मराठीत किंवा जमेल त्या इंग्रजीत सांगणारा उमेदवार मला पदकांची यादी वाचून दाखवणाऱ्यापेक्षा जास्त कळतो. आणि ‘खेळामुळे कामाला दांड्या पडतील का?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घरून ठरवून जा: वर्षात किती स्पर्धा, कुठल्या महिन्यात, किती दिवस. आकडे सांगितलेत की समोरच्याची भीती जाते.

लिंक्डइनवर खातं काढा, पण त्यात फार वेळ घालवू नका. फोटो साधा, खेळ आणि शिक्षण नीट, आणि आपल्या विद्यापीठाचे माजी खेळाडू शोधून जोडून घ्या. एवढं बास.

सीझन आणि प्लेसमेंट एकाच वेळी येतात

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, आंतरविभागीय, मग वेस्ट झोन, आणि कॅम्पस प्लेसमेंटचाही हंगाम नेमका तोच. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्लेसमेंट अधिकाऱ्यांना जाऊन भेटा आणि स्पर्धांचं वेळापत्रक लेखी द्या. मुलाखत ऑनलाइन देता येईल का, तारीख पुढे-मागे होईल का, हे आधी विचारलं तर बऱ्याचदा होतं. कंपनी येऊन गेल्यावर विचारलं तर कधीच होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातली ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण, शक्यतो सीझन संपल्यावर घ्या आणि जमलं तर क्रीडासंकुल, मॅरेथॉनचे आयोजक किंवा क्रीडासाहित्याची कंपनी अशा ठिकाणी घ्या.

ज्यांना खेळातच राहायचंय त्यांनी बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीबरोबर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा डोळ्यासमोर ठेवावा. शाळा आणि अकादम्या त्याला मान देतात. फक्त ‘मी चांगला खेळतो म्हणून चांगला शिकवेन’ असं धरून चालू नका. सुट्टीत क्लबच्या लहान मुलांना दोन महिने शिकवून बघा, मग ठरवा.

पैसे मागणारा माणूस

प्रत्येक जिल्ह्यात एकतरी असतो. ‘कोट्यातून लावतो, वरपर्यंत ओळख आहे, अर्धे आधी, अर्धे ऑर्डर आल्यावर.’ नाही म्हणा आणि घरच्यांनाही नाही म्हणायला सांगा, कारण तो तुमच्याकडे नाही, तुमच्या बाबांकडे जातो. शेत गहाण टाकून दिलेले पैसे परत न मिळालेल्या घरात मी स्वतः जाऊन बसलेय. त्याच्याकडून घेतलेलं सर्टिफिकेट पडताळणीत सापडलं तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. खऱ्या भरतीचं शुल्क जाहिरातीत छापलेलं असतं आणि ते अधिकृत संकेतस्थळावर भरायचं असतं. कुणाच्या फोन-पेवर नाही.

ती मुलगी गेल्या सोमवारी विद्यापीठात जाऊन आली. क्रमांकाची जागा कोरी असलेल्या सर्टिफिकेटवर नोंद करून मिळाली, स्पेलिंगचं काम जिल्हा संघटनेकडे अर्ज देऊन सुरू आहे. रेल्वेतल्या तिघांपैकी दोघांशी बोलणं झालं. एकीने सांगितलं की ट्रायलला खेळाआधी फिटनेस घेतात, तेव्हा रोज सकाळी स्प्रिंट वाढव. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. रविवारी ती त्याला पुन्हा एकदा मेसेज करणार आहे.